कातरवेळी थांबणाऱ्या मुली

२६ नोव्हेंबर १९७२

मुलींनी नवा खेळ काढला आहे. दिवेलागणीची घंटा झाली की पटांगणातून झोपायच्या खोलीपर्यंत एकीमागे एक अशा येतात आणि प्रत्येकीच्या हातात पुढच्या मुलीच्या वेणीचे टोक असते. सर्वांत पुढे फिलोमिना. वय चौदा, बोर्डिंगातली सर्वांत थोरली. हे काय चालले आहे, असे विचारले तर म्हणते, "शिस्त, मोठ्या बाई." चेहरा अगदी गंभीर. शिस्त म्हटले की मी पुढे काही विचारत नाही, हे तिला बरोबर कळले आहे.

सध्या तेवीस मुली आहेत. बहुतेकींचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत. पाथर्डी तालुक्यातली निम्मी घरे दाराला कडी लावून बसली आहेत. गेल्या वर्षी पाऊस धड नव्हता, यंदा मुळीच नाही. जेवणाला रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणि पातळ वरण. पण रोज सकाळी प्रत्येकीला एक पेला दूध मिळते. परदेशातून देणगीत आलेली पावडर आहे, भरपूर आहे. दूध आहे तोवर मला मुलींच्या प्रकृतीची काळजी नाही. मीही तेच जेवते, वेगळे ताट मी कधी मांडून घेतलेले नाही.

आवारातला गडी गहिनीनाथ, त्याला कंदिलाची काच घासायला सांगितले. तो म्हणतो, सकाळीच घासली.

३ डिसेंबर

आज वरणात हिरवे काहीतरी तरंगत होते. राहीबाई स्वयंपाक करतात, त्यांना बोलावले.

"शेवग्याचा पाला हाय, बाई. आवारातलाच. पोरी मिलो बघून तोंड फिरिवत्यात, म्हनून टाकला मूठभर."

"पाला गाईसाठी ठेवला आहे. चारा कुठे मिळतो आहे? गाय गाभण आहे."

"गाय एक आन् पोरी तेवीस."

"आणि ऑगस्टात काय झाले ते विसरलात? शेतातून पाला आणून खाल्ला आणि पाच जणी रात्रभर ओकल्या. बोर्डिंगात पाला शिजणार नाही, असा नियम तेव्हाच केला आहे."

"त्यो पाला येगळा हुता. ह्यो शेवगा हाय. माझी आजी बी खायची."

तुमची आजी वनस्पतिशास्त्र शिकलेली नव्हती, असे मी म्हणाले. पुण्याच्या कॉलेजात मी चार वर्षे पाने, फुले, मुळे कापून भिंगाखाली पाहिली आहेत. एका मुलीला अमुक पाला चालेल म्हटले की दुसरी धोतरा तोंडात घालते. नियम सरसकटच असावा लागतो.

राहीबाई पातेले उचलून गेल्या. शेवग्याचा राहिलेला पाला आजच छाटून गाईला घालायला लावला.

११ डिसेंबर

आज जे पाहिले ते नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी घंटा द्यायला गहिनीनाथ नव्हता, वैरणीला गेला होता. घंटा झालीच नाही. मी कार्यालयातून उशिरा बाहेर आले. मुलींचा आवाज नाही. मला वाटले खोलीत गेल्या असतील. पायरी उतरले तर पटांगणात मुली उभ्या होत्या. रांगेत नव्हे. जी जिथे होती तिथे. एक चिंचेखाली, दोघी हौदाजवळ, एक हातात चेंडू घेऊन मधोमध. कोणी हलत नव्हते, कोणी बोलत नव्हते. आभाळ पश्चिमेला अजून तांबूस होते.

मी त्यांच्यामधून चालत गेले. एकीनेही मान वळवली नाही. चेंडूवालीच्या अगदी तोंडासमोर उभी राहिले. तिचे डोळे उघडे होते आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते. मी "काय चालले आहे?" म्हटले तेव्हा ती एवढी दचकली की चेंडू पडला, आणि पडलेल्या चेंडूकडे तिने पाहिले नाही.

मग कुठूनतरी फिलोमिनाचा आवाज आला, "चला गं." आणि सगळ्या हात पुढे करून एकमेकींना शोधू लागल्या.

मी भित्री नाही. तरीही खोलीत जाऊन दाराला कडी लावून घेतली. स्वतःच्या खोलीच्या उंबरठ्याला मी ठेचाळले, तेव्हा मन ठिकाणावर नव्हते हे उघड आहे.

१९ डिसेंबर

आता आवाज. अंधारू लागले की मुली जिभेने टाळूवर टक टक करतात. बैल हाकताना करतात तसा. एकीने केला की दुसरी उत्तर देते. सारे आवार त्या आवाजाने भरते आणि बोलत मात्र कोणी नाही.

सात वर्षांच्या मरियमला जवळ घेऊन विचारले. तिचा बाप शलमोन ऊसतोडीला आहे, आई नाही. लबाडी तिला अजून जमत नाही.

"कुनीतरी पुसतंय, मोठ्या बाई," ती म्हणाली.

"काय पुसते?"

"समदंच. आदी झाड पुसतंय, मग हौद, मग पोरी. पाटीवरचं पुसत्यात तसं. मग टक टक केलं का कळतं कोन कुटं हाय ते."

"हे तुला कोणी शिकवले?"

तिने फिलोमिनाकडे पाहिले.

आमच्या मुलींच्या डोक्यात ही भुताखेतांची भर गावातून येते. प्रार्थनेनंतर अंधश्रद्धेवर अर्धा तास बोलले. सगळ्या माना डोलावत होत्या. टक टक बंद करण्याची सक्त ताकीद दिली आहे.

८ जानेवारी १९७३

नवे वर्ष सुरू होऊन आठ दिवस झाले. वरच्या वर्गाला डोळा शिकवला. फळ्यावर मोठी आकृती काढली, बुबुळ, भिंग, मागचा पडदा. अपुऱ्या उजेडात पाहण्यासाठी त्या पडद्याला अ जीवनसत्त्व लागते, ते नसेल तर रातांधळेपणा येतो, हे तीनदा म्हणून घेतले. फिलोमिनाने न अडखळता म्हटले.

"हा रोग तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे?"

कोणी नाही. फिलोमिना उठून म्हणाली, "मोठ्या बाई, हा रोग झाला तर पोरगी आजारी धरायची का?"

"अर्थात."

"मंजी घरी धाडायची?"

"आजारी मुलगी घरी, हा नियम तुला नवा आहे का? इथे एकीचे तेवीस जणींना होते. पण तुम्हाला हा रोग होण्याचे कारण नाही. तुम्ही रोज दूध पिता. दुधात अ जीवनसत्त्व असते."

ती "व्हय, मोठ्या बाई" म्हणून खाली बसली. हुशार मुलगी आहे. आडवळणाचे प्रश्न विचारते एवढेच.

संध्याकाळची प्रार्थना एक तास अलीकडे घेतली आहे. घासलेट वाचेल. शिवाय यंदा दिवस फारच लवकर मावळतो आहे.

२१ जानेवारी

गाय रोज तिन्हीसांजेला आपली आपण चरून येते, फाटकातून सरळ दाव्यापाशी जाऊन उभी राहते. आज राहीबाई ओसरीवर धान्य निवडत होत्या. गाईकडे पाहून म्हणाल्या, "जनावर बिनचूक येतंय बघा. खुट्ट होत न्हाई. आन् आपल्या पोरी चाचपडत्यात."

"गाईला खेळ सुचत नाहीत," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बाई, मगाशी तुमी माझ्या सुपात पाय दिला."

वाटेत सूप ठेवले तर पाय पडणारच.

या वेणी धरण्याचा एकदा निकाल लावायचे ठरवले. घंटा झाल्यावर मुलींना ओसरीवर बसवले आणि एकेकीला सांगितले, घंटेच्या खांबाला हात लावून परत ये, एकटी. पहिली मरियम. तीस पावले असतील.

ती हात पुढे धरून निघाली. दहा पावले सरळ गेली. मग हळूहळू डावीकडे वळली आणि खांब उजवीकडे सोडून फाटकाच्या दिशेने चालू लागली. न थांबता, न घाईने. कोणीतरी हाताला धरून नेत असावे तशी. मी हाक मारली, "मरियम, खांब इकडे आहे." ती वळली आणि माझ्या आवाजाच्या दिशेने परत आली. येताना हसत होती. कशाला हसत होती कोण जाणे.

बाकीच्यांची परीक्षा घेतली नाही. मलाही ते पुन्हा पाहायचे नव्हते. मरियमला सांगितलेले न ऐकल्याबद्दल उद्या खेळ बंद.

६ फेब्रुवारी

गोवर. दोन दिवस मुलींनी मरियमला अंथरुणात गोधडीखाली लपवले होते आणि हजेरीला तिच्या नावाने दुसरीच "हजर" म्हणत होती. कळले तेव्हा ताप एकशे तीन.

फिलोमिनाला बोलले. ती खाली मान घालून म्हणाली, "घरी कुनी न्हाई तिच्या. दाराला कडी हाय. घरी धाडली असती तर कुटं गेली असती?"

मरियमला मी घरी पाठवणार नव्हते. तेवढी अक्कल मला आहे. पण नियमाला अपवाद आहे, हे मुलींना आधी सांगायचे नसते.

१७ फेब्रुवारी

ताप गेला, पुरळ गेले. पण मरियम उजेडात डोळे उघडत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड. सकाळी दुधाचा पेला दिला तर नको म्हणून रडू लागली. मी पाहिले, डोळ्यांत पाणी नव्हते. हुंदके खरे, ओठ थरथरतात, नाक वाहते, आणि डोळे कोरडे ठक्क. तीस वर्षे मुली सांभाळते आहे, रडण्याचे सोंग मला ओळखता येते. म्हटले, "पाणी आल्याशिवाय रडू नकोस."

तिने प्रयत्न केला. बोटांनी डोळे चोळले. मग म्हणाली, "येत न्हाई, मोठ्या बाई."

२२ फेब्रुवारी

आज तिला उन्हात आणून डोळे उघडून पाहिले. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका. तो पुसला, पुन्हा तिथेच. आणि डाव्या बुबुळावर धुरकट ढग, त्याच्या मध्यावर मऊ पडल्यासारखे.

हात धुतले. मग उरलेल्या बावीस मुलींना ओसरीवर ओळीने बसवून एकेकीचे डोळे पाहिले. अकरा जणींच्या डोळ्यांत तो फेस आहे.

उद्याची पहिली एसटी.

२४ फेब्रुवारी

नगरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या आहेत. मरियमचे डोळे तपासून त्यांनी विचारले, "संध्याकाळी हिला दिसत होतं?"

मी उत्तर देण्याआधी मरियम म्हणाली, "पुसत हुतं."

मला मीच शिकवलेला धडा परत ऐकावा लागला. अ जीवनसत्त्व. मी म्हणाले, रोज दूध देते. त्यांनी पावडरीबद्दल विचारले. साय काढलेल्या दुधाची आहे, मी सांगितले. "मिस उजागरे, सायीबरोबर ते जीवनसत्त्वही जातं. यात काहीच उरत नाही. हिरवा पाला देत होता का? शेवगा, चाकवत, काहीही?"

"नाही."

"मिळत नव्हता?"

"आवारात शेवगा आहे."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग लिहू लागल्या. डावा डोळा गेला आहे. उजव्यासाठी तेल सुरू केले आहे, मरियमला ठेवून घेतले आहे. इतर मुलींसाठी शार्कच्या यकृताच्या तेलाच्या चार मोठ्या बाटल्या दिल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही काय जेवता?" मी म्हणाले, मुलींचेच. "मग तुम्हीही घ्या." मी धडधाकट आहे, बाटल्या मोजून मुलींपुरत्या आहेत, हे त्यांना सांगत बसले नाही.

परतीची गाडी उशिरा पोहोचली. फाटकापासून खोलीपर्यंत गहिनीनाथने हात धरून आणले. म्हटले, सोड, मी आजारी नाही. त्याने सोडला नाही.

२५ फेब्रुवारी

फिलोमिनाला विचारले, केव्हापासून?

"दिवाळीपासनं."

"किती जणींना?"

"अठरा."

"मला का सांगितले नाही?"

"तुमी आजाऱ्याला घरी धाडता."

मग ती म्हणाली, "आमाला वाटलं, तुमाला ठाव हाय. तुमी बी भिंतीला हात लावून चालता ना."

हे काय उत्तर झाले? वय झाले की माणूस भिंतीला हात लावतोच.

राहीबाईंना बोलावून सांगितले की आजपासून दोन्ही वेळा शेवगा शिजवा, गाईला जे मिळेल ते मिळेल. त्यांनी "बरं" म्हटले. आजीचे नाव काढले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी काढले नाही.

१४ मार्च

मुली पंधरा दिवसांत बदलल्या. दिवेलागणीला वेण्या धरत नाहीत. काल चक्क धावत होत्या, आरडाओरडा चालला होता. मी ओसरीवर खुर्चीत बसून ऐकत होते. पटांगणात आवाज सगळीकडून येत होते, आणि पटांगण मात्र रिकामे. घासलेटात नक्कीच भेसळ आहे, कंदील पेटतो पण उजेड खाली उतरत नाही. मधेच कोणीतरी माझ्या अगदी कानाशी हसले आणि पळाले. मी हात पुढे केला तो हवेत.

बरे वाटले नाही. आत आले.

तेल मुली नाक मुरडून घेतात. मी चमचा हातात धरून उभी राहते. "घाण लागते" म्हणणारीला दुसरा चमचा.

२ एप्रिल

मरियम परत आली. उजव्या डोळ्याने चांगले दिसते. डावा पांढरा आहे, उकडलेल्या अंड्यासारखा. पहिल्या दिवशी मुली जरा दूर बसल्या. मग तिनेच त्यांना डोळा दाखवला, बोट लावून पाहू दिले. आता त्या डोळ्याच्या बाजूला बसायला मुलींची भांडणे होतात.

शलमोनला कारखान्याच्या पत्त्यावर दोन पत्रे गेली आहेत. पहिल्यात मी "गोवरामुळे" असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. दुसऱ्यात पाल्याचे लिहिले, माझ्या नियमासकट. त्याला वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवले असेल.

१० एप्रिल

कालचे आज सकाळी लिहिते आहे.

शलमोन काल संध्याकाळच्या गाडीने आला. बरोबर धाकटी मुलगी एस्तेर, पाच वर्षांची. मुली प्रार्थनेला गेल्या होत्या. मरियम त्याला फाटकातच भेटली असावी, कारण तो ओसरीवर आला तेव्हा काही विचारले नाही. खांबाला टेकून बसला. मी समोरच्या खुर्चीवर.

मग तो म्हणाला, "पत्र मुकादमानं वाचून दावलं. दोनदा वाचाय लावलं. पाला हुता म्हनं झाडाला."

"होता."

"गाईला घातला."

"मी घालायला लावला. राहीबाई देत होत्या, मी बंद केला. मला वाटले दूध पुरेल. मी शिकलेली आहे, मला कळायला हवे होते."

"आमी फडात उसाचं हिरवं वाडं खाल्लं आसतं तरी पोरीचा डोळा ऱ्हायला आसता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्या गावात सांगून गेल्तो, पोरगी बाईंच्या हाती हाय, घोर न्हाई. बाई, येक इचारू? तुमच्या ताटात काय हुतं?"

मी सांगितले. मिलो, वरण, सकाळी तोच पेला.

त्याचा विश्वास बसला नाही हे मला कळले, आणि का बसावा? मग मी जे बोलायचे ठरवले होते ते बोलू लागले. मरियमचे शिक्षण शेवटपर्यंत माझ्याकडे. एस्तेरला ठेवायचे की नाही हे त्याने ठरवावे. त्याने नेली तर मी समजू शकते. आणि माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर कोणाकडे करायची तो पत्ता मी लिहून देते. हे सगळे मी त्याच्याकडे पाहत, सावकाश, एकेक मुद्दा सांगितला. तो मधे काही बोलत नव्हता. मी उत्तराची वाट पाहिली.

उत्तर माझ्या मागून आले. पायरीवरून.

"बाई, म्या हितं हाय. केवापासनं हितं हाय."

मी खांबाशी बोलत होते.

"न सांगता उठला का?" मी म्हणाले.

"तुमच्या म्होरनं गेलो. एस्तेरला पानी पाजाया." तो जवळ आला असावा, त्याच्या अंगाला मळीचा वास येत होता. "तुमाला दिसना व्हय?"

"संध्याकाळ झाली आहे. संध्याकाळी कोणालाही कमीच दिसते."

"मला दिसतंय," शलमोन म्हणाला. "एस्तेर, तुला गं?"

"मला बी," पोरीचा आवाज माझ्या गुडघ्यापाशी होता. ती तिथे आहे हे मला ठाऊक नव्हते.

त्याने माझ्या तोंडासमोर हात हलवला असावा, वारा लागला.

"मंजी तुमी बी त्येच खात हुता," तो म्हणाला.

त्याने एस्तेरचे गाठोडे ओसरीवर ठेवले. ठेवल्याचा आवाज मी ऐकला. "थोरलीचा डोळा म्या इसरनार न्हाई, बाई. पर धाकटी ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाला आणि शेवटच्या गाडीसाठी निघून गेला.

आज सकाळी रजिस्टरात लिहिले, एस्तेर शलमोन, वय पाच. नंतर तेलाच्या वेळी मुली रांगेत उभ्या होत्या, मी शेवटी उभी राहिले. चव अत्यंत घाण आहे. मरियमने चमचा भरला आणि तो रिकामा होईपर्यंत एक डोळा माझ्या घशावरून काढला नाही.

"दुसरा बी," ती म्हणाली.

मी तोंड वाकडे केले होते. दुसराही घेतला.